कमान मोकळी करताना

माझ्या थापीवरचा चुना निसटला आणि खाली कुणाच्या तरी टोपीवर जाऊन पडला... थप्प!

"अहो, खाली माणसं आहेत!"

"माणसांनी परांचीखाली उभं राहू नये," मी वरूनच म्हणाले. "कोण तुम्ही?"

त्यानं टोपी काढली, आधी चुन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राखाडी डोळे... आणि हसरे. "गास्पार. सुतार. तुमच्या कमानीला आधार द्यायला आलोय. स्वागत आवडलं!"

जानेवारीच्या वादळात आमच्या सँ-व्हेरान गावातल्या चर्चचं छप्पर उडालं होतं आणि वेदीसमोरची आठशे वर्षांची कमान कोसळली होती. सरकारी इंजिनियरसाहेब म्हणाले, लोखंडी तुळई टाका आणि मोकळे व्हा. माझे गुरू ओदिलों मास्तर मात्र हटून बसले. कमान दगडाचीच होईल, आणि ती सोलेन बांधेल!

सोलेन म्हणजे मी. सव्वीस वर्षांची पाथरवट. तोवर एकटीनं साधी खिडकीसुद्धा बांधली नव्हती. साहेबांनी अट घातली, "आधार काढल्यावर कमान बोटभर जरी खचली, तरी तुळई येणार."

कमान बांधायची तर आधी तिच्याखाली लाकडी सांगाडा लागतो. मधोमध कळीचा दगड बसेपर्यंत सगळा भार त्याच्यावर. गास्पारनं तीन आठवडे खपून सांगाडा केला, कंपासनं काढावा तसा गोल. तो वर चढवला, आणि डावीकडे चार बोटं फट!

"तुमचे खांब वाकडे आहेत," तो म्हणाला.

"खांब आठशे वर्षांचे आहेत. तुमचा सांगाडा कालचा."

"म्हणजे चूक माझी?"

"मग काय खांबांनी माफी मागायची?"

तो तडक निघून गेला. दोन दिवस फिरकला नाही. मी उगाचच दाराकडे बघत होते... उगाचच!

तिसऱ्या दिवशी सकाळी आले, तर स्वारी शिडीवर. डाव्या खांबाच्या माथ्यावर कोरलेल्या पानांवरून हात फिरवत होता.

"इथली पानं गोल आहेत, आणि तिकडची टोकदार. हे एका हातचं काम नाही."

"नाहीच," मी म्हणाले. "डावा खांब झाला आणि काम थांबलं. चाळीस वर्षं. तेवढ्यात खालची जमीन दबली. मग उजवा बांधला तो दुसऱ्याच कुणीतरी."

"आणि त्या दुसऱ्यानं जुना खांब पाडला नाही. कमानच जराशी कलती केली..." तो थबकला. "दोघांना भेटता यावं म्हणून."

बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. बरं झालं, माझे केसांखाली होते.

मग आम्ही पडलेले दगड फरशीवर ओळीनं मांडले आणि खडूनं खरी वळणरेषा शोधत बसलो. दोरीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. दुपारी ब्रेड आणि शेळीच्या दुधाचं चीज. मोठा तुकडा तो गुपचूप माझ्याकडे सरकवायचा.

"हे काम संपलं की मग पुढे?" एकदा मी सहज विचारलं... सहज म्हणजे, आठवडाभर ठरवून.

"दूर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एका गोदीत बोलावलंय. जहाजाचं काम आहे."

"छान," मी म्हणाले. आणि चीजचा मोठा तुकडा त्याच्याकडे परत सरकवला.

खडूच्या रेषेबरहुकूम गास्पारनं सांगाडा नव्यानं घडवला, त्यावर मी दगड रचत गेले, आणि जूनमध्ये कळीचा दगड बसला. चुना सुकेपर्यंत आम्ही थांबलो, आणि मग एका रविवारी सगळा गाव दारात जमला. मास्तर काठीवर रेलून उभे. इंजिनियरसाहेब मोजपट्टी घेऊन आलेले.

जुनी रीत अशी, की आधार सुटताना कमान बांधणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं.

"वेडेपणा आहे हा!" साहेब ओरडले. "बाहेर या!"

मी नाही गेले.

गास्पार सांगाड्याखालच्या पाचरी ठोकून सैल करू लागला. एक डावीकडची, एक उजवीकडची. सांगाडा केसभर उतरला. दगड कण्हला. माझ्या खांद्यावर चुन्याची भुकटी पडली. शेवटची पाचर निघाली... आणि तो हातोडा टाकून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्ही कशाला? ही रीत पाथरवटांची आहे."

"पडली, तर ब्रिटनीला जाणं आपोआप रद्द."

"आणि उभी राहिली तर?"

"तर मी स्वतः रद्द करतो." त्यानं टोपी काढली. "सोलेन, मला... मला इथंच राहायचंय. तुमच्याजवळ."

सांगाडा आणि कमान यांच्यामध्ये प्रकाशाची एक बारीक रेघ दिसू लागली. कमान स्वतःच्या बळावर उभी होती!

साहेबांनी मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. चष्मा पुसला. "तीन मिलिमीटर," ते हळूच म्हणाले, आणि पुढच्या क्षणी त्यांनीच टाळी वाजवली!

एकच जल्लोष उसळला. मास्तर काठी फेकून लंगडत धावत आले. वर घंटा घणघणू लागल्या. मी गास्पारची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.

"तुम्ही-बिम्ही पुरे आता. तू कुठंही जात नाहीस. कळलं?"

"कळलं, पाथरवटबाई!"

आणि सगळ्या गावादेखत मी त्याचं चुंबन घेतलं. फादर घाईघाईनं वेदीकडे तोंड करून उभे राहिले. पण त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.