मनिरामच्या पाहुण्या

खून माशांचा झाला होता आणि त्यासाठी गोंदियाहून गुप्तहेर बोलावला होता. सुखरामला वाटभर हसू आवरत नव्हतं. मनकर्णाबाईंचा चेहरा पाहिला आणि ते जागच्या जागी विरलं.

मंदाबाई कटरे गोंदियात खासगी तपासाची कामं करत, त्यातही बहुतेक स्थळांच्या चौकशा. सुखराम त्यांचा सहकारी. पिशवी धरणं आणि चुकीचा अंदाज सर्वांत आधी बांधणं, ही त्याची दोन कामं. सकाळच्या पॅसेंजरने दोघं सौंदडला उतरले होते.

अंगणात सीताफळाखाली खाटेएवढी उघडी जमीन होती, तिच्यात करंगळीही जाणार नाही अशी शेकडो बिळं. दर माघात मातीत घर करणाऱ्या माशा तिथे येत. त्या पोळं बांधत नाहीत, उगाच कोणाच्या अंगावर जात नाहीत, महिनाभर राहतात आणि दिसेनाशा होतात. मनकर्णाबाईंचे पती मनिराम लंजे त्यांना पाहुण्या म्हणत. तेवढी जागा ते सारवू देत नसत. ऊन चढण्याआधी लोट्याने पाणी शिंपून तिथली माती मऊ ठेवत.

मनिरामना जाऊन अठरा दिवस झाले होते. तेराव्या दिवशीच्या तेरवीपर्यंत माशा ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साऱ्या बिळांच्या तोंडाशी मरून पडल्या.

"सुनेनंच मारल्या," मनकर्णाबाई उजव्या तळव्याला खोबरेल चोळत म्हणाल्या. "नात रांगाले लागली तवापासून तिले त्या नकोच होत्या. तुम्ही पक्कं सांगा, मंग मी लेकीकडे निघून जाईन. तिच्या हातचं चार दिवसांपासून खाल्लं नाई मी."

तळवा लालबुंद झाला होता, सालं निघत होती. मंदाबाईंनी विचारलं तर त्या म्हणाल्या, तेरवीसाठी घर सारवलं, शेणानं हात खाल्ला असेल.

"ते गेल्यावर माशांना पाणी कोण शिंपत होतं?"

"मीच. त्याहीच्याच लोट्यानं. तेरवीले त्याहीचं अंथरूण, छत्री, लोटा, सारं भाच्याले दान देल्लं. रीत हाये नं."

मंदाबाई मातीशी उकिडव्या बसल्या. माशांबरोबर मुंग्याही मेल्या होत्या. मातीवर पांढरट थेंबांच्या कमानी वाळल्या होत्या. चार हातांवरची तुळस टवटवीत होती, तिच्याखाली मुंग्यांची रांग चालली होती.

शेजारचे योगराज विचारण्याआधीच बोलू लागले. बिळांत रॉकेल ओता, असं आपण मागे म्हणालो होतो, हे त्यांनी कबूल केलं. "पण मनिरामभाऊ होते तवा नाई केलं, आता कायले करीन?" मंदाबाईंनी माती हुंगली. रॉकेलचा वास नव्हता.

मुलगा प्रफुल खाली मान घालून बोलला. वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी त्याने उन्हाळी धानावर औषध मारलं होतं. औषध कालवायची बादली न धुताच गोठ्यातल्या खुंटीला टांगली. मग कोणाला कशाची शुद्ध होती? फवारणी गडीमाणसांचं काम, त्या बादलीला घरातल्या बायका कधी हात लावत नसत. मंदाबाई गोठ्यात गेल्या. खुंटी रिकामी होती.

सून पुष्पांजली चुलीपाशी होती. "हो, मीच मारल्या," ती लगेच म्हणाली. "बिळांत औषध ओतलं."

सुखरामने वही मिटली. गुन्हा कबूल, गाडीला अजून वेळ, म्हणून तो बाहेर येऊन धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकला आणि कळवळून उठला. तणसात एक निळी बादली लपवलेली होती, घासून लख्ख केलेली.

"बाई, पुरावाही सापडला," तो म्हणाला.

"सापडला," मंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडलेला होता. त्यांनी सगळ्यांना सीताफळाखाली बोलावलं.

"ज्याला माशा मारायच्या आहेत तो बिळात ओततो. इथे एकाही बिळात ओतलेलं नाही. एका हाताने शिंपलंय, कडेपासून कडेपर्यंत, रोज शिंपायची सवय असल्यासारखं. मुंग्याही मेल्या, म्हणजे पाण्यात औषध होतं. तुळशीचा तांब्या वेगळा, म्हणून तुळशीखालच्या मुंग्या जिवंत आहेत. तेरवीपर्यंत लोटा होता. तो दानात गेला, आणि दुसऱ्याच दिवशी माशा मेल्या. त्या सकाळी गोठ्यात हाताला जी बादली लागली, ती फवारणीची हे माहीत नव्हतं; तिच्या तळाशी औषध वाळलेलं होतं. शेणाने हात खाल्ला असता तर दोन्ही खाल्ले असते, मनकर्णाबाई. तुमचा शिंपायचा हातच तेवढा सोलला आहे."

हे आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं सुखरामला मनापासून वाटलं.

मनकर्णाबाई तळव्याकडे पाहत राहिल्या. "पाणी शिंपलं तशा साऱ्या बाहेर आल्या," त्या म्हणाल्या. "मातीवर लोळून राहिल्या. मले वाटलं, ओळखलं मले. मी म्हटलं, बायाहो, तुमचा मालक गेला, आता मी हावो."

मग त्या सुनेकडे वळल्या. "तुले माहीत होतं?"

"बादलीचा वास आला मले, आई."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

पुष्पांजली पदराशी चाळा करत राहिली. "मामाजी गेल्यापासून तुम्ही त्या माशांपाशीच बसत होत्या. तुमच्या हातानं झालं, हे कसं सांगू? माह्यावर राग केला तर तुम्ही जगाल, असं वाटलं."

खाली मातीत अंडी असतील, पुढच्या माघात कदाचित काही निघतील, असं मंदाबाई म्हणाल्या. नक्की मात्र त्यांनी सांगितलं नाही.

निघताना सुखरामने मागे वळून पाहिलं. मनकर्णाबाई ओसरीवर बसल्या होत्या. सोललेल्या हाताने कालवता येत नव्हतं, म्हणून पुष्पांजली भात कालवून भरवत होती. त्यांनी घास तोंडात घेतला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला, आणि तोवर सून दुसरा घास हातात धरून थांबली होती.