न लावलेली किटली

मासा फ्रीझरमध्ये होता, ब्रेडच्या पाकिटांखाली. इतका लांब, की त्याला वाकवून बसवावं लागलं होतं.

“बाप रे,” मॉसी म्हणाला. “हा मासा आहे की दात बसवलेला ओंडका?”

“भावजी, टॉर्च धरा आणि गप्प बसा,” डिंफना लॅव्हिन म्हणाली.

हरवलेली माणसं, चोरलेल्या गायी आणि भटके नवरे शोधून देणारी रॉसकॉमन परगण्यातली ती एकटीच बाई. मॉसी तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा. बस चालवून निवृत्त झालेला. गाडी चालवायला कुणीतरी लागतंच, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे एकटा असला की तो जेवायचा नाही.

“पाइक आहे,” कोल्म हेस्टर म्हणाला. चाळिशीचा, जबड्यात सगळा राग धरून ठेवलेला. “माझं तळं ट्राउटचं. गळाला पिसांच्या खोट्या माश्या बांधून ट्राउट धरायला लोक लांबून येतात. आणि हा दरोडेखोर उन्हाळाभर माझे ट्राउट गिळत होता. शुक्रवारी मीच पकडला. काठावर ओढला आणि घातला डोक्यात दांडका.”

“शेजारी कुणी होतं?”

“बाबा. मी दांडका उचलला तसे म्हणाले, किटली उकळतेय, आणि घरात गेले. हात धुवायला आत आलो, तर किटली लावलेलीच नव्हती. वय झालंय आता त्यांचं.”

“तळ्याला ओढा वगैरे?”

“काही नाही. खालच्या झऱ्यांचं पाणी. म्हणजे कुणीतरी आणून सोडला. बार्टली क्विगलीनेच, दुसरं कोण? इथलं गवत कापतो, फाटकाची किल्ली त्याच्याकडे, आणि पाइकसाठी जीव टाकतो. माझ्या भावाचा, डोनलचा दोस्त. डोनलला कॅन्सरने नेलं, दोन वर्षं झाली.” त्याने ब्रेडचं पाकीट बाजूला सरकवलं. “उद्या मासेमारी क्लबच्या सभेत सगळ्या मेंबरांसमोर बार्टलीचं नाव घेणार. मग पोलीस. इथलं काम तर जाईलच, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही फक्त पुरावा द्या.”

“पुरावा सापडेल तो घ्यावा लागतो, कोल्म. मागवता येत नाही.”

मॉसीने टॉर्च खाली नेला. “डिंफना, कल्ल्यामागे ठिपका बघ. अगदी घोड्याच्या नालेसारखा. शर्यतीच्या दिवशी दिसायला हवा होता, पैसे लावले असते!”

नालेच्या मागे, पोटाच्या बाजूला, कापसासारखा करडा डाग होता. डिंफनाने तो पाहिला. मग चिमट्याने दातांमधून काहीतरी ओढून काढलं. निळ्या लोकरीचा धागा.

*

शेजारच्या हॉटेलची मालकीण ऊना किलबेन हिने ते तळं दोनदा विकत मागितलं होतं.

“मी सोडला? अगं बाई, मला लग्नाच्या फोटोंसाठी ते तळं हवंय, आणि माशाला मी हातसुद्धा लावत नाही. शिवाय कोल्मचा धंदा बुडवायचाच असता तर पिंपभर पिल्लं ओतली असती. एक म्हातारा मासा कशाला सोडू?”

“आणि किल्ली?”

“तीनच आहेत. कोल्म, त्याचे वडील, बार्टली.” तिने आवाज खाली आणला. “त्या वडिलांकडे, मॅलकीकाकांकडे जरा बघा हं. वसंतापासून रोज संध्याकाळी त्या लव्हाळ्यापाशी बाकावर. गळ नाही, काही नाही. माझे पाहुणे विचारतात, हे आजोबा कुणाची वाट बघतात?”

*

“कोल्मने धाडलं ना?” बार्टली दारातच म्हणाला. “या. चहा कडू आहे, माझ्यासारखाच.”

त्याने न विचारता एक जाड, गुळगुळीत गादी जमिनीवर उलगडली. “ही आधी ओली करायची. पाइक वर ठेवायचा, गळ काढायचा, फोटो, परत पाण्यात. आम्ही मारत नाही. ट्राउटवाल्यांना जिवंत मासा न्यायची सवयच नाही. त्यांचा मासा काठाला लागला की संपला, थेट तव्यावर.”

“आणि लोकरीत गुंडाळून नेला तर?”

बार्टलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “अंगावरचा चिकट थर निघून येतो. मग कापसासारखी बुरशी धरते आणि झुरून झुरून मरतो. असं कोण करेल?”

भिंतीवर एकच फोटो होता. निळा, हाताने विणलेला स्वेटर घातलेला एक काटकुळा माणूस. हातांवर आडवा पाइक, आणि चेहऱ्यावर पोराच्या बारशातल्या बापाचं हसू.

“डोनल,” बार्टली म्हणाला. “आणि ही राणी. जुन्या दगडखाणीच्या पाण्यातली. दरवर्षी पकडायचा, पापी घ्यायचा, सोडून द्यायचा. ठिपक्यांवरून ओळखू यायची. दोन पाइकांचे ठिपके कधी सारखे नसतात.” त्याने नाक ओढलं. “वसंतात खाण बुजवायला पाणी उपसलं. तिला कालव्यात न्यावं म्हणून मी गेलो, तर ती नव्हतीच. कुणीतरी आधीच... कोल्हा असेल.”

“कोल्मचा मासा पाहिलास?”

“दाखवतोय कशाला? दारातूनच हाकललं.”

डिंफना त्या फोटोसमोर उभी राहिली. चहा निवला तरी हलली नाही.

*

म्हातारा मॅलकी हेस्टर खिडकीशी बसून पिसांची माशी बांधत होता. मुलाने सांगितलं तसं वय झालेलं नव्हतं. गाठ पहिल्याच फेऱ्यात बसत होती.

“पाइक म्हणजे पाण्यातला गुंड,” तो म्हणाला. “डोनलला जन्मभर बजावलं. ह्या घरात ट्राउट धरतात. ऐकेल तर शपथ.”

“त्याच्याबरोबर खाणीवर कधी गेलात, मॅलकीकाका?”

“एकदाही नाही.”

दोरा सुटला. त्याच्या हाताच्या मागे बारीक पांढरे व्रण होते, एका ओळीत, जवळजवळ.

“हे काय झालं?”

“काटे. कुंपणाचे.”

“काटे असे रांगेत लागतात?” मॉसीने अगदी भाबडेपणाने विचारलं. म्हाताऱ्याने बाही खाली ओढली.

*

संध्याकाळी डिंफनाने सगळ्यांना हेस्टरांच्या स्वयंपाकघरात बसवलं. बार्टली दाराशीच, टोपी हातात.

“सोडणाऱ्याला तळं बुडवायचं नव्हतं,” ती म्हणाली. “ऊना म्हणाली ते खरं. नासवायला पिल्लं सोडतात. एकच म्हातारा मासा सोडतात तो जगावा म्हणून. आणि तो आणला लोकरीत गुंडाळून. धागा दातांत अडकलाय. बार्टली मेला तरी लोकर वापरणार नाही. ही चूक ट्राउटवाल्याची, ज्याने जन्मात जिवंत मासा कुठे नेला नाही.”

“पण ती बुर...” मॉसीने तोंड उघडलं. डिंफनाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला.

“माशाच्या कल्ल्यामागे नालेसारखा ठिपका आहे. बार्टलीकडच्या फोटोत राणीच्या अंगावर तोच. आणि फोटोतला स्वेटर निळा आहे.”

बार्टलीच्या हातातली टोपी पडली.

“किल्ल्या तीन. कोल्मनेच तिला मारलं. बार्टली तिला शोधतच राहिला. उरलेल्या माणसाच्या हातावर दातांची रांग आहे. तो रोज लव्हाळ्यापाशी बसायचा. आणि दांडका वर गेला, तेव्हा त्याला नसलेली किटली ऐकू आली.”

कोल्म वळला. “बाबा?”

मॅलकी टेबलाकडे बघत होता. “शेवटी शेवटी तो म्हणायचा, बाबा, एकदा राणीला बघायला चला. मी म्हणायचो, आधी बरा हो, मग जाऊ.” त्याने बाही वर सरकवली. “खाण उपसतायत कळलं, तेव्हा गेलो. चिखलात तडफडत होती. न्यायला काही नव्हतं. त्याचा स्वेटर गाडीत शेजारच्या सीटवर असतो माझ्या, तोच भिजवला. कालव्यात सोडली असती तर परत दिसली नसती रे. इथे संध्याकाळी वर यायची. एकटीच.”

“आणि बार्टलीवर आळ आला तरी गप्प?”

“उद्या सभेत उठून सांगणार होतो. आज धीर झाला नाही.”

“मी मारत होतो तेव्हा तरी बोलायचं!” कोल्मचा आवाज फाटला. “मी डोनलच्या...”

“दांडका वर गेला होता, पोरा. तळं तुझं, तुझं काही चुकलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर तुझा हात थरथरला असता.”

कोल्मने तो हात टेबलाखाली घेतला.

“एवढी मोठी पाइक मादीच असते,” डिंफना हळू म्हणाली. “सोबत नर नव्हता, म्हणजे पिल्लं नाहीत. तळं स्वच्छ आहे. सभेत काय सांगायचं ते तू ठरव.”

मग कोल्म उठला, फ्रीझर उघडून ब्रेडची पाकिटं बाजूला केली आणि मासा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. “ये, बार्टली.”

बार्टलीने नालेवरून बोट फिरवलं. मग त्याला तो करडा डाग दिसला. त्याने डिंफनाकडे पाहिलं. तिने मान किंचित हलवली. बार्टलीने मॅलकीला दिसू नये असा डागावर तळवा ठेवला, आणि तो तळवा तिथून हलवला नाही.

मॅलकी गाडीतून स्वेटर घेऊन आला. बाह्यांवर चिखल वाळला होता. “धुतला नाही,” तो म्हणाला. “पण आता ह्याला डोनलचा वास येत नाही. हिचाच येतो.” त्याने तो राणीच्या अंगावर पसरला, खांद्यांपाशी नीट केला.

“उद्या सांगेन,” कोल्म म्हणाला, “की पाइक आमच्या घरचाच होता.”

मग त्याने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि किटली लावली. ती उकळली, शिट्टी वाजवत राहिली. बंद करायला कुणीच उठलं नाही.