तेन्मोळीची कोरी पत्रिका

विजयादशमीच्या सकाळी मी प्रिंटर पोटाशी धरून जिना उतरत होते आणि वरच्या मजल्यावरचा कदिरवन खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन वर येत होता. आमचा जिना असा, की एकाने भिंतीला पाठ टेकवल्याशिवाय दुसरा पुढे सरकत नाही.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"माझ्या हातात प्रिंटर आहे."

"माझ्या खांद्यावर वीस लिटर पाणी आहे. बरोबरी झाली."

तो आणि त्याची आई वर राहायला आल्यापासून दोन महिने त्याच्या चपलांचा आवाज तेवढा डोक्यावरून ऐकत होते. चेहरा असा जवळून पहिल्यांदाच दिसला. बरा होता… बऱ्याहून जरा बराच.

"कुठे निघालाय पेशंट?"

"मेकॅनिककडे. कोरे कागद काढतोय. कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, कागदावर टिंबसुद्धा येत नाही."

"मेकॅनिक गावी गेलाय. मंगळवारी येईल, दुकानावर पाटी आहे. मी बघू का?"

"तुम्हाला येतं?"

"सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये असतो मी. रक्त तपासतो."

"मग त्याला सुई टोचू नका."

तो हसला, आणि कॅनमधलं पाणीही त्याच्याबरोबर डुचमळलं. मी भिंतीला पाठ टेकवली. तो गेला, कॅन ठेवून परत आला आणि माझ्या हातातून प्रिंटर घेऊन सरळ आमच्या घरात शिरला.

अम्मा दारातच उभी होती. तिचा जीव त्या प्रिंटरमध्ये अडकला होता. कोईम्बतूरच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली होती. मुलाच्या आजोबांना फोनवर पाहिलेली पत्रिका चालत नव्हती, हातात कागदच हवा होता. आधीची दोन स्थळं शेवटच्या क्षणी मोडलेली. दुधाने तोंड पोळलेली माझी अम्मा ताकही फुंकून पीत होती. त्यात माझीच पत्रिका छापायला घ्यावी आणि कागद कोरा यावा… तिने सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं.

कदिरवन कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसला आणि पडद्यावरची पत्रिका मोठ्याने वाचू लागला. "तेन्मोळी. वय सव्वीस. शाळेत गणित शिकवते. उंची…"

"हे वाचायची काय गरज आहे?"

"तपासायचं तर वाचावं लागतं. नक्षत्र चित्रा. छान."

"कागद तपासताय की मला?"

"आधी दोष कोणाचा ते ठरवू," तो शांतपणे म्हणाला. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान काढून प्रिंटरच्या काचेवर ठेवलं आणि नक्कल काढायचं बटण दाबलं. कागद आला. कोरा. "बघा. पत्रिकेत काही दोष नाही. यंत्राचाच घोटाळा आहे."

मला उगाचच बरं वाटलं.

शनिवारी तो कामावरून थेट आला. प्रिंटरचं झाकण उघडून शाईची काळी डबी बाहेर काढली, उलटी केली, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा डबीकडे.

"काय झालं?"

"काही नाही. जरा… अवघड आहे. उद्या बघावं लागेल."

रविवारी त्याने कागद ओढणारी चाकं पुसली, वायर काढून पुन्हा लावली आणि नवमीच्या आयुधपूजेचे उरलेले चुरमुरे-डाळं वाटीभर संपवले. गणितच का शिकवता, असं विचारलं. मी म्हटलं, "कारण उत्तर एकच असतं, लोकांसारखं रोज बदलत नाही." तो म्हणाला, "माझंही रोज बदलत नाही." कोणता प्रश्न, ते मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी प्रिंटर दुरुस्त होणार म्हणून मी केसांत मोगरा माळला होता. आणि तो कधीच दुरुस्त होऊ नये, असंही मला मनापासून वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी मात्र मी त्याला दाराबाहेरच अडवलं.

"अम्माने नवस बोललाय. उद्या पहाटे अनवाणी स्वामीमलैच्या देवळात निघणार आहे. आठ किलोमीटर… दोन्ही गुडघे धरलेले असताना. तिला वाटतंय, माझ्या नशिबातच काही लिहिलेलं नाही, म्हणून कागद कोरा येतो. तीन दिवस ती धड जेवलेली नाही."

कदिरवनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो तडक आत गेला, डबी काढली आणि अम्माच्या पुढ्यात उलटी धरली.

"अम्मा, उद्या कुठेही जाऊ नका. हे बघा."

डबीच्या तळाशी जिथून शाई झिरपते, त्या इवल्याशा पट्टीवर चंदनाचा वाळलेला थर होता आणि मधोमध कुंकवाचा ठिपका.

अम्मा ओशाळली. "नवमीला घरातल्या यंत्रांची आयुधपूजा केली, तेव्हा मीच लावलं. झाकणाला लावलं, बटणाला लावलं… मग वाटलं, जिथून अक्षर बाहेर पडतं, तिथे आधी लावायला हवं. सरस्वती तिथेच असणार ना?"

"तिथेच आहे. फक्त तिचं तोंड बंद झालंय. आत बारीक भोकं असतात, ती बुजली."

त्याने कोमट पाणी मागितलं. मऊ फडकं भिजवून पट्टीवर हलकेच दाबून धरलं. आधी पिवळा डाग उमटला, मग लाल आणि शेवटी काळाभोर. अम्मा हसली आणि हसता हसता पदराने डोळे टिपू लागली.

मग तिने विचारलं, "तंबी, बाळा, हे तुला आत्ता दिसलं?"

हो म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं? मला तरी नाही.

"शनिवारी," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर… रविवारी यायला काही कारण उरलं नसतं." त्याचे कान लालबुंद झाले होते. "चुकलं माझं, अम्मा. तुम्ही इतक्या घाबरल्या असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेन्मोळी मला आवडते. पण त्यासाठी तुम्हाला उपाशी ठेवायचं नव्हतं."

मला संताप आला. अम्माचे तीन दिवसांचे उपास डोळ्यांपुढे आले. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की नीट चिडताही येईना.

कुणी काही बोलण्याआधीच प्रिंटर घरघरला. कदिरवनने डबी बसवून बटण दाबलं होतं. कागद सरकत बाहेर आला… माझं नाव, वय, चित्रा नक्षत्र, बारा घरांची कुंडली, सगळं ठसठशीत.

"दे इकडे," अम्मा म्हणाली. "कुरियरवाला सातपर्यंत असतो."

मी कागद सोडला नाही.

"अम्मा, कोईम्बतूरला नको."

"मग कुठे पाठवायचा?"

कदिरवन श्वास रोखून फरशीकडे बघत होता.

"वरच्या मजल्यावर," मी म्हणाले.

अम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग कागद माझ्या हातून काढून घेतला, देवघरात जाऊन चारही कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलं आणि दाराकडे निघाली. तो घाईघाईने उठला.

"अम्मा, तुमचे गुडघे… मी नेऊन देतो."

"बस तिथेच," अम्मा म्हणाली. "हे काम मुलीच्या आईचं आहे." आणि कठड्याला धरून एकेक पायरी ती त्याच्या आईकडे चढू लागली.