नववा फोटो

"ओ फोटोवाले! ती पिशवी कुणाला विचारून काढलीत?"

काचघरात लिलीच्या कुंडीपुढे एक माणूस चक्क पालथा पडला होता. डोळा कॅमेऱ्याला, श्वास कोंडलेला. तिचा आवाज ऐकूनही तो हलला नाही. नुसता डावा हात वर केला... थांबा. खट्‌कन आवाज झाला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"श्वास लागला तरी फूल हलतं हो," तो कोपर झटकत उठला. "आणि पिशवीचं म्हणाल, तर एवढं सुंदर फूल कागदात कोंडलेलं बघवेना."

"बघवेना!" ती रडकुंडीला आली.

रोपांच्या त्या संशोधन केंद्रात तिला सगळे भिंगताई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग कायम. दोन लिलींचा संकर करण्यासाठी ती दोन वर्षं झटत होती. एक वासाची, दुसरी चिवट. यंदा अकरा फुलं धरली, त्यातली दहा गळाली. उरलेल्या या एका फुलावर तिने कालच ब्रशने हवे ते पराग लावले होते, आणि परके पराग पडू नयेत म्हणून वर कागदी पिशवी बांधली होती. ती या पाहुण्याने बिनदिक्कत सोडली. कॅलेंडरसाठी फुलांचे फोटो काढायला तो पाच दिवसांसाठी आला होता.

"माशीबिशी बसली का?"

"मी असताना नाही. फक्त मधे एकदा पाठ फिरवली. लेन्सची रिंग बदलायला... मिनिटभर."

भिंगातून बघून काही कळेना. कण सगळे सारखेच पिवळे. त्यातला परका कोणता?

"पाठ फिरवायच्या आधी आठ फोटो काढलेत, नंतर हा एक," तो ओशाळून म्हणाला. "फोटोत कण न्‌ कण दिसेल. पण रोल छत्तीसचा. अर्धवट धुतला तर उरलेला वाया जातो."

"मग संपवा! मी येते बरोबर."

तिने पिशवी पुन्हा बांधली, आणि दोघं निघाली. ती निघाली होती रागाने. दुपारपर्यंत राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही. शेवाळावरच्या थेंबात अख्खं झाड उलटं दिसतं, हे त्याने तिला दाखवलं. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे कीड नव्हे, हे तिने त्याला शिकवलं. तो जमिनीवर आडवा होई, ती पांढरा पुठ्ठा धरून फुलावर उजेड पाडी.

"जरा डावीकडे... अजून... हां. आता हलू नका."

"किती वेळ?"

"माझं समाधान होईपर्यंत."

"मग माझी पेन्शन इथेच सुरू होईल!"

तो हसला आणि फोटो हलला. "हा वाया गेला बरं का, तुमच्यामुळे."

"गेला तर गेला, सावकाश काढा दुसरा," ती म्हणाली, आणि स्वतःशीच दचकली. रोल संपायची घाई तिलाच होती ना?

पाणी घालता घालता माळीकाका म्हणाले, "भिंगताई, भिंग आज उलटीकडून लावलंय वाटतं? लांबचंच जवळ दिसतंय."

"काका, झारी गळतेय तुमची," ती म्हणाली. झारी चांगली ठणठणीत होती.

तिसऱ्या दिवशी रोल संपला. चौथ्या दिवशी सकाळी तो प्रिंट घेऊन आला आणि टेबलावर आठ फोटो मांडले. भिंगातून इतकी वर्षं पाहिलेलं फूल तिने कधी असं पाहिलंच नव्हतं! मधला चिकट टोकाचा दांडा ओल्या मखमलीसारखा चमकत होता, आणि त्यावर तिच्या ब्रशची रेघ. आठही फोटोंत जशीच्या तशी, सलग.

"वाचलं! अहो, वाचलं माझं फूल!" ती टाळी वाजवणार होती... पण तो हसत नव्हता.

"अजून एक आहे," तो म्हणाला, आणि खिशातून नववा फोटो काढला.

रेघ मधोमध विस्कटली होती. बारीक पायांनी कुणीतरी त्यावरून चालून गेलं होतं.

दोन वर्षं... आणि एक मिनिट.

"हा का दाखवलात?" तिने फोटो पालथा ठेवला. "मी तर खूश झाले होते."

"येताना फाडणार होतो. दोनदा." तो खाली बघत होता. "पण उद्या बियांतून भलतंच उगवलं असतं, आणि तुम्ही स्वतःची चूक शोधत बसला असता. ती माझी होती."

तिने उठून कुंडीवरची संकराची चिठ्ठी सोडली आणि वहीत 'रद्द' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. मग ती पाठमोरीच म्हणाली,

"उद्या किती वाजताची गाडी?"

"दहाची."

"चुकवा."

"आणि?"

"आणि पुढचा बहर येईपर्यंत थांबा. दहा महिने. मला एकटीला फुलावर लक्ष ठेवणं जमत नाही."

"फक्त... फुलावर?"

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू, दोन्ही लपवायचं तिने सोडून दिलं होतं.

"नाही, फक्त फुलावर नाही. झालं समाधान?"

"झालं," तो म्हणाला. "तुमचं?"

"अजून नाही. आधी ते अहो-जाहो बंद कर."