गुलीच्या हातातला डबा

जळगावात काहीही नवीन काढायचं म्हटलं की पहिली सूचना केळ्याची येते. आमच्या ॲनिमे मेळाव्याचा मॅस्कॉट ठरवायला आम्ही गोलाणी मार्केटातल्या माझ्या दुकानात बसलो, तेव्हाही आकाशने बसल्या बसल्या मोठ्या डोळ्यांचं एक केळं काढून दाखवलं. आकाश फैजपूरचा, घरची केळीची बाग, त्यामुळे त्याचा जीव तिथेच अडकलेला. मी म्हटलं, "अरे, या जिल्ह्यातली निम्मी केळी मीच काढली आहेत. आता माझा हात वळत नाही."

"मग तूच काढ काय ते," तो फुगून म्हणाला.

मी ग्राफिक डिझायनर आहे. म्हणजे बोर्डावर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. "ताई, साहेबांचा फोटो अजून मोठा करा" हे ऐकण्यात दिवस जातो. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, हे माझं स्वतःचं वेड, त्यात साहेबांचा फोटो कुठे येत नाही. म्हणून त्या दिवशी मन लावून चित्र काढलं. एक लहान मुलगी. कानापर्यंत कापलेले केस, हिरवा फ्रॉक, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला स्टीलचा गोल डबा. झाकण घट्ट बंद. नाव ठेवलं गुली.

डबा कशाला, हे खान्देशातल्या बाईला सांगावं लागत नाही. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गल्लीतल्या मुली संध्याकाळी गुलाबाईच्या मूर्तीपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ असतो. जिची पाळी ती घरून बंद डब्यात खाऊ आणते, कानाशी हलवून दाखवते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. कुणालाच आलं नाही तर डबा उघडायचा आणि सगळ्यांनी खायचं. मेळावाही त्याच दिवसांत होता. मला ते जुळून आल्यासारखं वाटलं.

पेपरात बातमी आली: 'शहरात प्रथमच कार्टूनप्रेमींचा मेळावा'. कार्टून या शब्दावरून आकाश दिवसभर धुमसत होता. पण बातमीत माझं गुलीचं चित्र आणि आमची स्पर्धाही छापली होती. गुलीचं चित्र आपापल्या शैलीत काढून ईमेलने पाठवा, निवडक चित्रं मेळाव्यात भिंतीवर लागतील. तोवर कुणाचं चित्र कुणाला दिसणार नव्हतं. हल्ली लोक कॉम्प्युटरकडूनच चित्रं काढून घेतात, म्हणून पेन्सिलच्या कच्च्या कामाचा फोटो जोडायची अटही मी घातली. या बाबतीत मी जरा खडूस आहे.

पहिलं चित्र चोपड्याहून आलं. छान होतं, फक्त गुलीला दोन वेण्या होत्या. एकीला लाल रिबन, दुसरीला पांढरी. घेतलं असेल स्वातंत्र्य, म्हणून मी सोडून दिलं.

दुसरं चाळीसगावच्या मुलीचं. दोन वेण्या, एक लाल रिबन, एक पांढरी.

मी दोघांचे पत्ते पाहिले, नावं पाहिली, एकमेकांशी काही संबंध दिसला नाही. तिसऱ्या चित्रात फ्रॉकच्या डाव्या खांद्यावर सेफ्टी पिन होती. कच्च्या कामाचा फोटो मोठा करून पाहिला. पेन्सिलनेसुद्धा पिन अगदी जपून काढलेली होती.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि उगाचच शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन उभी राहिले.

स्नेहल माझी धाकटी बहीण. मी सातवीत असताना ती तिसरीत होती. तेव्हा आम्ही पिंप्राळ्यात राहायचो. त्या संध्याकाळी गुलाबाईला खाऊ न्यायची तिची पाळी होती. फ्रॉकच्या खांद्याचं बटण तुटलेलं, तिथे पिन मीच लावली. दुसरी लाल रिबन सापडेना, म्हणून माझी पांढरी बांधली. डबा तिने स्वतः भरला होता आणि आत काय ते मलाही सांगत नव्हती. तिथे तिने तो सगळ्यांच्या कानाशी हलवला, पण काहीच वाजलं नाही. पोरींनी शिऱ्यापासून शिकरणापर्यंत सगळं म्हणून पाहिलं. ही आपली मान हलवत हसतेय. शेवटी डबा उघड म्हटल्यावर "उद्या सांगेन" म्हणाली आणि डबा छातीशी धरून घराकडे पळाली.

त्याच रात्री तिला ताप भरला. ताप मेंदूत गेला होता. आठवडा संपायच्या आत ती गेली.

डबा कधीच सापडला नाही. आईच्या लग्नातला होता तो, झाकणाच्या कडेला पोचा आणि वर टिंबांटिंबांनी कोरलेलं: 'हेमलता हिस अभिमनमामाकडून'. आम्ही घर पालथं घातलं, गल्ली धुंडाळली.

आणि त्या दुपारी आईने खरवस केला होता. मोतीलाल दूधवाल्याची म्हैस व्यायली, त्याने चीक आणून दिला होता. मला एक वाटी, स्नेहलला एक वाटी. तिची वाटी रिकामी होऊन मोरीत पडलेली आईने पाहिली होती. डॉक्टरांनी किती समजावलं की खाण्याचा आणि या तापाचा संबंध नाही. पण भेटायला आलेली शेजारची शेवंताबाई दारातच म्हणाली, "पोरले खरवस बाधना वं माय, दुसरं काय?" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य आमच्या घरात राहायला आलं ते गेलंच नाही. आईने पुन्हा कधी खरवस केला नाही. मोतीलाल अजून दूध घालतो. वर्षातून एखाद्या वेळी विचारतो, "ताई, चीक शे. दिऊ का?" आई नको म्हणते आणि त्या दिवशी जेवत नाही.

माझी आई फार गोड बाई आहे. तिने त्या वाटीपायी स्वतःला असं जाळत ठेवलेलं मला बघवत नाही, पण माझ्या सांगण्याने काय होणार होतं?

चित्रं येत राहिली. आलेल्या क्रमाने मी ती टेबलावर मांडली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चोपड्याच्या चित्रात झाकण बंद होतं. चाळीसगावच्या चित्रात झाकणाच्या कडेला बारीक काळी रेघ होती. पुढच्यात फट. त्याच्या पुढच्यात फटीत बोट जाईल एवढी जागा. यावलच्या चित्रात झाकणाला कडेशी पोचा होता आणि वर टिंबंटिंबं. ती वाचता येत नव्हती, पण टिंबंच होती.

मी चाळीसगावच्या मुलीला फोन केला. झाकण उघडं का काढलंस म्हणून विचारलं.

"चुकलं का, ताई?" ती घाबरली. "हाताला तसंच आलं. मला वाटलं, तिला दाखवायचंय."

त्यानंतर मी कुणाला फोन केला नाही. आकाशला सगळं सांगितलं. त्याने चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली आणि केळ्याचा विषय कायमचा सोडून दिला.

खरं सांगायचं तर मला भीती स्नेहलची वाटत नव्हती. तिची कशी वाटेल? भीती डब्याची होती. इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते आता डोक्यात घुसलं होतं. वाटीतला खरवस तिने खाल्लाच नसेल, डब्यात भरून नेला असेल तर? मोठ्यांना हे सुचायला हवं होतं. पण स्नेहलच्या हाती दिलेलं गोड संध्याकाळपर्यंत टिकलंय, असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. आणि डब्यात दुसरंच काही निघालं, तर मग आईचं म्हणणं खरं ठरणार होतं. मेळाव्याला येऊ नकोस, कंटाळशील, असं मी आईला दोनतीनदा सुचवून पाहिलं.

"पोरांच्या जेवणाचं काय?" ती म्हणाली. विषय संपला.

मेळावा रविवारी एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाचं थर्माकोलचं 'शुभविवाह' स्टेजवर तसंच होतं आणि खाली निळ्या केसांचे टोप घातलेली, पुठ्ठ्याच्या तलवारी लावलेली पोरं पोहे खात होती. वॉचमन सगळ्यांकडे कौतुकाने बघत होता. मी भिंतीवर चित्रं लावत होते. शेवटची जागा रिकामी होती. धुळ्याचा प्रशील म्हणून एक मुलगा आपलं चित्र स्वतः घेऊन येणार होता.

तो अकराच्या सुमारास आला. देवपूरला राहणारा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, काटक आणि लाजाळू. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. ते सोडताना त्याची बोटं सुतळीच्या गाठीत अडकली. मी कात्री दिली नाही. मला घाई नव्हती.

कागद निघाला.

गुलीने डबा पुढे धरला होता. झाकण दुसऱ्या हातात होतं. आत पिवळसर पांढऱ्या चार वड्या होत्या, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेल्या, आणि प्रत्येकीवर मधोमध एक तपकिरी ठिपका.

"हे काय आहे आत?" मी विचारलं.

"बर्फी असेल," प्रशील म्हणाला. मग जरा ओशाळला. "खरं म्हणजे मला नाही माहीत, ताई. मी आधी बंदच डबा काढणार होतो."

"आणि हे ठिपके?"

"ते राहूच देत असं वाटलं."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून डाळीच्या वाफवलेल्या फुणक्यांचा वास आला. आई दोन्ही हातांत जेवणाच्या पिशव्या घेऊन उभी होती. ती भिंतीकडे बघत होती. पहिल्या चित्रापासून.

मी तिला अडवू शकले असते. अडवलं नाही.

ती एकेका चित्रापुढे थांबत आली. रिबनीपाशी थांबली. पिनेपाशी तिचा हात वर गेला, पण तिने कागदाला हात लावला नाही. पोचा आलेल्या झाकणापाशी तिने पिशव्या खाली ठेवल्या. आजूबाजूला पोरं फोटो काढत होती, स्पीकरवर जपानी गाणं चालू होतं.

शेवटी ती प्रशीलच्या चित्रापुढे आली.

वाकून तिने डब्याच्या आत पाहिलं.

"चारोळी," मग म्हणाली. "मी प्रत्येक वडीवर एक चारोळी दाबते."

"हो, आई."

"चार वड्या दिल्या होत्या मी तिला." तिने चित्रातल्या वड्या बोटाने मोजल्या, दोनदा. "चारही आहेत. एकीचा कोपरासुद्धा तुटलेला नाही."

"नाही."

"तिने खाल्लाच नव्हता गं, मृणू. तिने मैत्रिणींसाठी ठेवला होता."

आणि माझी आई त्या तलवारीवाल्या पोरांच्या गर्दीत, मंगल कार्यालयाच्या लाल खुर्चीवर बसून रडली. प्रशील बिचारा पाणी आणायला धावला. त्याला वाटलं, त्याचं काहीतरी चुकलं. आईने त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडात फुणका घातला.

बक्षीस प्रशीलला मिळालं. मी परीक्षक म्हणून पक्षपात केला, आकाशनेही केला.

पुढच्या आठवड्यात मोतीलालने दारात किटली ठेवताना नेहमीसारखं विचारलं. या वेळी आई हो म्हणाली.

दुपारी घरभर वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास होता. आईने वड्या पाडल्या, चारोळ्या दाबल्या. एक वाटी मला दिली, एक स्वतःला घेतली आणि तिसरी भरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकून ठेवली. आम्ही पुढच्या ओट्यावर उन्हात बसून खाल्लं. कितीतरी वर्षांनी खात होते. आई शेवंताबाईच्या गमती सांगत होती, आणि सांगता सांगता हसत होती.

मी आणखी घ्यायला आत गेले.

तिसरी वाटी मोरीत पडली होती. रिकामी.

ओट्यावर तिच्या जागी डबा होता. स्टीलचा, गोल. झाकणाच्या कडेला पोचा. वर टिंबं.

मी आईला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. डबा पाहून थांबली. घाबरली नाही. पुढे होऊन तिने तो उचलला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि डबा कानाशी नेऊन हलवला.

आत काहीतरी वाजलं. हलकं, कोरडं.

झाकण काढायला मी हात पुढे केला. आईने तो हळूच बाजूला सारला.

"थांब," ती म्हणाली. "सांगू नकोस. मला ओळखू दे."

ती माझ्याशी बोलत नव्हती. ती दाराकडे बघत होती, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.