टॅपेट कव्हरखालचा गाळ

"माझ्या बापानं जीव दिला का, एवढंच शोधून द्या," कार्मेल लिंडनर म्हणाली. "दिला असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन."

खासगी तपास करणाऱ्या नोला ट्रेगिअरने तिच्यापुढे चहा सरकवला. कचेरीतला पंखा गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

कार्मेलचा बाप अर्नी उत्तरेकडच्या ओसाड रानात मेंढ्यांच्या उरल्यासुरल्या कळपासोबत एकटा राहायचा. फेब्रुवारीत त्याची जुनी पेट्रोल पिकअप कच्च्या रस्त्यावर इंजिन जाम होऊन थांबली. तो गाडी सोडून हमरस्त्याच्या दिशेला चालत निघाला आणि उन्हात मेला. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही, हे तिकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तपासणाऱ्यांनी ठरवलं, म्हातारा जगायला कंटाळला होता. एकट्या म्हाताऱ्याच्या मरणावर यापेक्षा जास्त डोकं कोण चालवतो?

"नाताळला ॲडलेडला या म्हटलं, तर 'बघू' म्हणाले. मी चिडून फोन ठेवला. परत केलाच नाही." तिने कपाला हातही लावला नाही.

कोपऱ्यातून बर्ट मॅडिगन खाकरला. निवृत्त हवालदार, नोलाचा मदतनीस. "पोरी, तिथली माणसं तशीच. खचतात आणि—"

"बर्ट, गाडी काढ," नोला म्हणाली.

पिकअप डेस होरॅनच्या गॅरेजात उभी होती. गाव म्हणजे हे गॅरेज, एक पेट्रोल पंप आणि अर्धवट बंद पडलेला बार. तेवढ्या गावानेही निकाल लावून टाकला होता की डेसने इंजिनाच्या कामात घोळ घालून म्हाताऱ्याला मारलं.

"वीस वर्षं तो बाबा वरून नुसतं ऑइल ओतत राहिला," डेस म्हणाला. "बदललं म्हणून नाही. आणि एक दिवस येऊन म्हणतो, डेस, आतून धू! इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोललं तर आत डांबर. हातानं खरवडलं. ऑइलची जाळी रॉकेलमध्ये घासून आरपार दिसेल इतकी साफ केली."

"आणि वर? इंजिनाच्या माथ्यावर, टॅपेट कव्हरखाली?"

"ते राहिलं. बोल्ट गंजलेले, बाबाला घाई. मी म्हटलं, वरचा गाळ घट्ट बसलाय, त्याला डिवचू नकोस. साध्या ऑइलनं हळूहळू सुटेल. जाऊन आलास की परत दाखव."

"जाऊन कुठे?"

"बोलला तर अर्नी कसला! टाकी भरली, दोन कॅन भरले, गेला."

नोलाने ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑइल खुणेच्या बरंच वर होतं आणि पट्टीवरून पाण्यासारखं ओघळत होतं. तिने ती बर्टच्या नाकापुढे धरली.

"ऑइल," बर्ट म्हणाला. मग पुन्हा हुंगून, "आणि डिझेल?"

"मी खुणेपर्यंतच भरलं होतं," डेस पटकन म्हणाला. "आणि डिझेल मी का ओतू?"

नोलाच्या सांगण्यावरून त्याने चेंबर उतरवलं. जाळी दिसतच नव्हती. काळ्या गाळाच्या पापुद्र्यांनी ती गच्च भरली होती.

"झालं! म्हणे आरपार दिसत होती," बर्ट म्हणाला.

डेसने पाना जमिनीवर आपटला. "तूही बोल! सगळं गाव बोलतंय, तू कशाला मागे राहतोस?"

नोलाचं लक्ष गाडीच्या आत होतं. सीटमागे पाण्याचे दोन ड्रम, दोन्ही कोरडे ठाक. हँगरला डांबरगोळीच्या वासाचा कोट.

"मरायला निघालेला माणूस चांगले कपडे घेतोच," बर्ट पुटपुटला.

"आणि कोट घालायचा राहतो?" नोला म्हणाली.

अर्नीचा एकमेव शेजारी वॉली क्विर्क. दोघांच्या घरांमध्ये तासाभराची वाट आणि लाल धूळ. अर्नीच्या घरावर सौर पॅनेल होती. वॉलीकडे मात्र डिझेलचा जनरेटर धडधडत होता, आणि शेडमध्ये त्याच्या बापाच्या वेळचा ट्रॅक्टर.

"पहिल्या झटक्यात सुरू होतो," वॉली म्हणाला. "तुमचा हा हवालदार इतका चालू ठेवता येतो का बघा."

"इंजिन आतून कसं राखलंत?" नोलाने विचारलं.

"जुनी पद्धत. बापानं शिकवलेली." तो खुशीत हसला.

ओसरीवर दोन खुर्च्या होत्या, मधे रेडिओ. एका खुर्चीखाली चौकटीच्या घोंगडीवर कुत्रा पडला होता. शेजारी त्याचा टवके उडालेला वाडगा.

"अर्नीचा?"

"हो. तो गेल्यावर आपणहून चालत आला बिचारा."

"रेडिओवर बोलायचात?"

"रोज संध्याकाळी. हवामान, मेंढ्या, एकमेकांना शिव्या. बायको गेल्यापासून माणसाचा आवाज म्हणजे तेवढाच. गाडीतला रेडिओ मात्र मधल्या रानात पोचत नाही, थेट हमरस्त्याच्या टेकडीवरूनच लागतो."

"तो निघालाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे! माहीत असतं तर शोधायला गेलो नसतो? इथला नेमच आहे, निघणारा शेजाऱ्याला सांगून निघतो. मला तर कळत नाही, ती गाडी माझ्या फाटकापुढे गेलीच कशी."

"जुन्या गाड्या चिवट असतात," बर्ट म्हणाला.

नोला कुत्र्याच्या वाडग्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कार्मेलला आणि डेसला त्याच ओसरीवर आणलं.

"आधी डेसचं," ती म्हणाली. "इंजिनातलं ऑइल जळून कमी होतं, वाढत नाही. इथं ते वाढलं होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. गाडी पेट्रोलची. म्हणजे ते कुणीतरी नंतर ओतलं. डेसची जाळी साफच होती. ती भरली ती टॅपेट कव्हरखालच्या गाळानं. डिझेलनं तो सुटला, खाली आला, जाळी बंद झाली, इंजिन कोरडं पडलं. डिझेल ओतून इंजिन जागेवरच चालवायचं आणि सगळं काढून टाकायचं, ही झाली जुनी पद्धत. तसंच ठेवून गाडी हाकली, तर ती मरते."

वॉलीचा हात रेडिओवर गेला आणि तिथेच राहिला.

"आता कुत्रा. कुत्रा चालत येईल, वॉली. घोंगडी आणि वाडगा चालत येत नाहीत. अर्नीनं ते स्वतः आणून दिलं. म्हणजे तो लांब जाणार होता आणि तुम्हाला ते माहीत होतं. आणि गाडी बंद पडल्याचं सगळ्या गावाला नवल. तुम्हाला एकट्याला नवल वाटलं ते ती फाटकापुढे गेली याचं."

"म्हणजे यानं खून केला?" बर्ट ओरडला. "कशासाठी? जमीन?"

"जमीन कसली! मातीच आहे ती. मारायचं नव्हतंच. गाडी दारात बंद पडावी, सुटे भाग येईपर्यंत अर्नी इथेच राहावा, एवढंच. हो ना?"

वॉलीने रेडिओवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "पोरीनं बोलावलंय म्हणाला. कदाचित तिकडेच राहीन म्हणाला. हसत होता हरामखोर. कुत्र्याला आत बांधायला गेला, तेवढ्यात मी डिझेल ओतलं."

कार्मेल उभी राहिली. "मी बोलावलं होतं म्हणून?"

"म्हणूनच इंजिन धुतलं," नोला म्हणाली. "वीस वर्षं ज्यानं ऑइल बदललं नाही, त्यानं तुझ्यापर्यंत पोचायला ते आतून धुवून घेतलं. तो गाडीजवळच थांबला होता. दोन्ही ड्रम संपेपर्यंत. मरायचं असतं तर एवढं पाणी कशाला प्यायला असता? शेजारी येईल याची खात्री होती त्याला. पाणी संपल्यावर निघाला, आणि घराकडे नाही, हमरस्त्याकडे. तुझ्या दिशेनं."

कार्मेल वॉलीकडे वळली. "नोला म्हणाली, गाडीतला रेडिओ टेकडीवरूनच लागतो. तिथून लावतो म्हणाले होते?"

"हो."

"आणि लावला नाही. मग तुम्ही गेला का नाहीत?"

"फाटकापाशी नव्हता, तेव्हा मला वाटलं, पोचला," वॉली म्हणाला. "पोचला आणि मला विसरला. मी रुसून बसलो, बाई. इथेच, या रेडिओपाशी."

डेस पायऱ्या उतरून गेला. बर्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

कार्मेलने घोंगडी झटकली, वाडगा उचलला. कुत्रा तिच्या मागे गाडीपर्यंत आला. वॉली उठला नाही. थोड्या वेळाने त्याने रेडिओ लावला, नेहमीच्या वेळी लावायचा तसा, आणि समोरून कुणीतरी बोलायची वाट पाहत बसला.