सतरा नंबरला वायर नव्हती

कंट्रोलरमधला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पेटीतला, प्रोग्रॅम बाहेर काढणं हे तसं अर्ध्या तासाचं काम. लॅपटॉप जोडायचा, प्रोग्रॅम वाचून घ्यायचा, फ्लॉपीवर उतरवायचा, चहा प्यायचा आणि निघायचं. पण भाईंदर पूर्वेला काशीनाथ पाटलांच्या गाळ्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर जो कंट्रोलर होता, तो कुठल्या कंपनीचा हेच कळेना. नावाची पट्टी कुणीतरी खरवडून काढली होती. चोरीच्या मालाचं असं करतात, हा माझा पहिला संशय. धंदाच माझा असा आहे, की माणसावर विश्वास ठेवून भागत नाही. मीटरवर ठेवावा लागतो.

"प्रेस कुठनं आणलात?"

"मना काय म्हाईत? दलालानं आनला," काशीनाथशेट म्हणाले. "चालतंय ना? मंग झालं."

गोष्ट १९९६ सालची, वार गुरुवार. शुक्रवारी तिकडच्या गाळ्यांची वीज बंद असायची, आणि कंट्रोलरची बॅटरी संपत आलेली. वीज गेली आणि बॅटरीनेही राम म्हटला की मेमरी साफ. मग स्टीलच्या वाट्या दाबणारा तो प्रेस म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग. म्हणून मला माझ्या सिल्व्हर पार्कच्या दुकानातून बोलावलं होतं. पण शेटचं खरं दुखणं दुसरंच निघालं. प्रेस मध्येच थांबायचा. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन सेकंद, आणि फक्त धाकू बसलेला असताना.

"कायतरी करतंय तो. कामचोर हाय," शेट माझ्या कानाशी लागून म्हणाले. "तुमी आतला प्रोग्रॅम काढा नि बगा. थांबा लिवलेला न्हाय ना, तर शनिवारपासून धाकू घरी."

धाकू गुहागरकडचा. भाईंदरातच खारी गावात भाड्याची खोली, बायको मंदा, दोन मुली. वीस वर्षं प्रेसवर काढलेली. मला नमस्कार करायला त्याने हात जोडले तेव्हा मी सवयीने बोटं मोजली. दहा. तेवढ्यावरून मला त्याचा संशय आला.

तो का, ते सांगतो. प्रेस खाली आणायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर राहतात. पण तसं केलं तर माल कमी निघतो. म्हणून सगळे ऑपरेटर डाव्या बटणात आगकाडी खुपसून ते दाबलेलंच ठेवतात. उजवा हात बटणावर, डावा साच्यात. मालक बघतात आणि बघितलं नाही म्हणतात. धाकूच्या बटणातही काडी होती. असं वीस वर्षं काम करून दहाच्या दहा बोटं शाबूत, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

माझ्याकडे सहा कंपन्यांच्या केबली होत्या. पाच लावून पाहिल्या, कंट्रोलर मुका. सहावीला त्याने लगेच उत्तर दिलं. दोनशे बारा ओळी उतरल्या.

थांबा त्यात होता. सतरा नंबरचा सिग्नल आला की प्रेसने थांबायचं, एवढीच ओळ. बाहेरून येणारी प्रत्येक वायर कंट्रोलरच्या एकेका नंबरच्या स्क्रूला लागते, आणि सिग्नल आला की त्या नंबरचा बारीक लाल दिवा पेटतो. मी सतराचा स्क्रू शोधला.

त्याला वायरच नव्हती. स्क्रूच्या खाचेत धूळ बसलेली.

धाकूने काम सुरू केलं. खट, वाटी. खट, वाटी. तेलाचा वास, पत्र्याचा करकर आवाज. मग एकदा त्याचा डावा हात साच्यात रेंगाळला आणि उजव्याने बटण आधीच दाबलं. सतराचा दिवा लागला. प्रेस वरच थांबला. धाकूने सावकाश हात काढून घेतला, दिवा विझला, प्रेस खाली आला.

पुढच्या वेळी दिवा लागताच मी सतराच्या स्क्रूला मीटर लावला. शून्य. दिवा मात्र जळत होता.

"खिसे रिकामे कर," मी म्हणालो.

विड्यांचं बंडल, किल्ली, मुलीच्या शाळेची कसलीशी चिठ्ठी. लोहचुंबक नाही, काही नाही.

"मी काय करत नाय वो साहेब," धाकू म्हणाला. "हात आत राह्यला की तो थांबतो."

"तो कोण?"

त्याने प्रेसकडे बोट केलं. "मशीन वो."

मला राग आला. मला कुणीतरी बनवतंय, आणि तेही माझ्याच कामात, हे मला सहन होत नाही. मी त्याला काही न सांगता ती ओळ पुसली. कंट्रोलरमध्ये दोनशे अकरा ओळी राहिल्या. आता प्रेस थांबला तर धाकूची लबाडी उघडी पडणार होती.

न थांबला तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

खट, वाटी. खट, वाटी.

डावा हात आत राहिला. उजवा बटणावर गेला.

सतराचा दिवा लागला.

प्रेस खाली आला.

मी ओरडलो, मेन स्विचकडे धावलो. पोचण्याआधीच आवाज बंद झाला होता. साचा धाकूच्या बोटांवर टेकून उभा होता. नुसता टेकून. त्याने हात ओढून काढला. चारी बोटांवर तेलाची एक सरळ रेघ उमटली होती.

"आज लय खाली आला," तो हळूच म्हणाला. "तुमी काय केलंत, साहेब?"

मी प्रोग्रॅम पुन्हा वाचला. दोनशे तेरा ओळी. मी पुसलेली सतराची ओळ परत जागेवर होती. तिच्याखाली नवी होती, अठरा नंबरची. अठरालाही वायर नव्हती. मी दोनदा वाचली. अठराचा सिग्नल आला की प्रेसने खाली यायचं. बटणांची अट नाही.

अठराचा दिवा बंद होता. मी प्रेसकडे एक पाऊल टाकलं, तो लागला. मागे आलो, विझला.

नवी बॅटरी बसवली, फ्लॉपी भरली आणि शेटना सांगितलं, "थांबा प्रोग्रॅममध्येच आहे. हात आत असला की प्रेस थांबतो. धाकूचा काही दोष नाही."

"हात बगून थांबतंय?" शेट हसले. "तुमाला पन कोकनातल्यानं गुंडाळला काय? बरं. मंग तुमीच ठेवा हात. थांबला, तर धाकू ऱ्हायला."

धाकू माझ्याकडे बघत होता. तेलाची रेघ पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

मी जागचा हललो नाही.

"बगितलास?" शेट त्याला म्हणाले. "शनिवारी येऊ नको."

धाकूने विड्या, किल्ली, चिठ्ठी खिशात घातली. मी शेटना म्हणू शकलो असतो, की हात माझा नको, त्याचाच ठेवून बघा. म्हणालो नाही. त्या प्रेसवर पुन्हा कुणाचाच हात मला बघायचा नव्हता.

"तुमाला शिकवतो प्रेस कसा चालवायचा," असं म्हणत शेट बाह्या सरसावून स्टुलावर बसले.

"शेट, तुमी नका बसू," धाकू दारातून म्हणाला.

शेटनी डाव्या हाताने पत्रा साच्यावर ठेवला. उजवा हात बटणाकडे नेला. केबल अजून जोडलेलीच होती. लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोनशे तेरा ओळींच्या दोनशे चौदा झाल्या, आणि कंट्रोलरवर एकोणीसचा दिवा लागला.

नव्या ओळीत थांबायचं लिहिलं होतं की खाली यायचं, ते बघायला एक कळ दाबावी लागली असती.

मी कळ दाबली नाही, केबल काढून घेतली.